गोधडीची कोरडी बाजू

बजाजनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, मी पहिल्यांदा राहिलो ती खोली पत्र्याची होती आणि तिथली खाट माझ्या एकट्याची नव्हती. एक माणूस दिवसपाळीला गेला की रात्रपाळीचा दुसरा येऊन त्याच खाटेवर पडायचा. आठवडा बदलला की पाळ्या उलट. त्यामुळं भाडं निम्म्यावर यायचं. माझी जोडी ज्याच्याशी लागली तो पिशोरजवळच्या एका खेड्याचा जावई, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. पुढं त्याला फाशीची शिक्षा झाली.

मी कोकणातला. वडील गेले, आठवीत शाळा सुटली आणि गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून एका पिशवीनिशी इकडं आलो. पत्रा कापायच्या प्रेसवर हेल्पर म्हणून लागलो. त्या मशिनीत बोटं जातात हे पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, म्हणून घरी येऊनही मी बोटं मोजायचो. सुट्टीच्या दिवशी दोघं खोलीवर असलो की भाऊ हसायचा.

"ए कोकण्या, हायेत का समदी? का एखादं ठिवून आलास सायबाला?"

जेवताना मला घास उतरायचा नाही. ज्वारीची भाकरी, लाल तिखटाची भाजी. मासळी मिळत नाही म्हणून मी कुरकुरलो की तो म्हणायचा, "मासळी नाय, माशा हायेत. लई हायेत. हाण."

त्याची एक सवय होती. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, माणूस घामानं भिजून उठायचा आणि गोधडी ओली व्हायची. बाकीचे तशीच टाकून कामावर पळायचे. भाऊ उठला की गोधडी झटकायचा, घामाची बाजू खाली घालायचा आणि कोरडी बाजू वर करून ठेवायचा. मी यायचो तेव्हा तो निघालेला असायचा, पण खाट पाहिली की कळायचं, आपण येणार हे कुणाच्या तरी ध्यानात होतं. आईला सोडून आल्यावर हे मला दुसऱ्या कुणाकडून मिळालं नव्हतं.

मग मला कावीळ झाली. खोलीमालक म्हणाला, ह्याला गावी धाडा, बाकीच्यांना लागण होईल. भाऊनं मला पाठीवर घेऊन रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात भरती केलं आणि पाळी संपली की तिथं येऊन माझ्या खाटेखाली फरशीवर झोपायचा. मी जगतो की नाही याची मला खात्री नव्हती. त्यानं कधी धीराचे शब्द दिले नाहीत. फक्त उसाच्या रसाचा ग्लास पुढं करून म्हणायचा, "पी. नखरं नको."

माझं लग्नही त्यानंच जमवलं. त्याच्या सासुरवाडीत, घराला घर लागून एक शेतकरी कुटुंब होतं. त्यांच्या ओट्यावर बसून त्यानं सांगितलं, आमच्या खोलीवर एक कोकणी पोरगं हाय, भित्रं हाय पण निर्व्यसनी हाय. एवढ्या शब्दावर त्या माणसानं मला मुलगी दिली. माझं गाव पाहिलं नाही, जमीन विचारली नाही. ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. या मुलखात माझं म्हणावं असं जे काही आहे, ते या दोघांच्या हातून आलं.

नंतर भाऊची कंपनी बंद पडली. तो पिऊ लागला. बायको मारहाणीला कंटाळून माहेरी गेली. मी दोनदा त्याच्या खोलीवर गेलो, तो धड बोलला नाही. मग एका दुपारी तो तिला आणायला सासुरवाडीला गेला. ती नाही म्हणाली, सासू आडवी आली, मेहुणा धावला. कुऱ्हाड दारामागं होती. सासू आणि मेहुणा गेले. मेहुण्याचा चार वर्षांचा मुलगा बापाच्या पायाला बिलगला होता, तोही गेला.

तो मुलगा मामांच्या बैलगाडीत बसून शेतात जायचा. त्यांना आज्जा म्हणायचा. त्याला चादरीत गुंडाळून जीपमध्ये मामांनीच ठेवलं होतं.

सेशन कोर्टानं फाशी दिली. लहान पोर मारलं म्हणून, असं सगळे म्हणाले. मलाही त्यात चूक दिसली नाही. माझाही मुलगा तेव्हा तेवढाच होता. बायको त्याला एकटं अंगणात सोडेना.

मला वाटलं, संपलं. पण फाशी अशी लगेच देत नाहीत हे मला पुढं कळलं. खालच्या कोर्टानं दिली तरी हायकोर्टानं ती कायम करावी लागते, तोवर दोर लांबच असतो. त्यानंतर दिल्लीचं कोर्ट, मग दयेचा अर्ज. माणूस मात्र पहिल्या दिवसापासून फाशी यार्डात. भाऊला इथून नागपूरच्या जेलात नेलं.

एका रविवारी वकील मॅडम आमच्या घरी आल्या. त्याच्याकडं पैसे नव्हते म्हणून सरकारतर्फे मिळालेल्या. त्यांनी सांगितलं, गुन्ह्याबद्दल वाद घालण्यासारखं फार नाही. पण मरणाचीच शिक्षा द्यायची का हे ठरवताना माणूस कसा होता हेही कोर्टापुढं यायला पाहिजे, आणि खालच्या कोर्टात त्याबद्दल कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या त्याच्या गावी जाऊन आल्या होत्या. आई वारलेली. सख्ख्या भावानं दार लावून घेतलं. बायको म्हणाली, माझ्या तोंडून त्याचं नाव नको.

"जेलात भेटले तेव्हा त्यांनी तुमचा उल्लेख केला," मॅडम म्हणाल्या. "प्रतिज्ञापत्र द्याल? तुम्ही स्वतः पाहिलं तेवढंच."

मी चहा करायच्या निमित्तानं आत गेलो. बायको गॅसजवळ उभी होती, सगळं ऐकत.

"आवो, दादांना कळलं तर?" ती वडिलांना दादा म्हणते.

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणू? भाऊंमुळं तुम्ही मला मिळालात. अन् त्या पोराला मी न्हाऊ घातलंय." तिनं चहात साखर दोनदा टाकली. "तुम्हाला काय करायचं ते करा. पर मला इचारून केलं असं कुनाला सांगू नका."

सही करायच्या आधी मला त्याला भेटायचं होतं. मॅडमनी परवानगी काढली आणि मी त्यांच्याबरोबर नागपूरला गेलो. काचेपलीकडं तो आला तेव्हा मी ओळखलंच नाही. अंग सुटलेलं, केस पांढरे, हातांचे घट्टे गेलेले. काचेच्या दोन्ही बाजूंना फोन होते.

"कोकण्या," तो म्हणाला. "बोटं हायेत का?"

मी दोन्ही पंजे काचेला लावून दाखवले.

तिथं कसं असतं ते त्यानंच सांगितलं, मी न विचारता. खोलीत एकटा. दिवा विझवत नाहीत. पायजम्याला नाडी देत नाहीत. बाकीच्या कैद्यांना काम असतं, कुणी सतरंज्या विणतं, कुणी भाकऱ्या करतं. फाशीवाल्याला काम देत नाहीत. "डबल पाळी मारनारा मानूस मी. झाडू द्या म्हनलं, तर झाडू बी देत नाय." ठरावीक दिवशी वजन करतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाचा दयेचा अर्ज फेटाळून आला, तेव्हा साहेब कॉरिडॉरच्या टोकाला असतानाच सगळ्यांना कळलं. "चालन्यावरूनच कळतं. मग कुनी जेवत नाय. आपला नाय म्हनून बरं वाटतं, अन् बरं वाटलं म्हनून जेवन जात नाय."

मी म्हणालो, "मी लिहून देणार आहे. दवाखान्याचं."

"कुठला दवाखाना?"

"मला कावीळ झाली होती. तू खाली फरशीवर झोपायचास."

त्यानं कपाळ चोळलं. मग मान हलवली. "नाय रं आठवत."

"उसाचा रस आणायचास."

"आनला आसंल. तू मासळीचं लई बोलायचास, तेवढं आठवतं." मग खाली बघून म्हणाला, "त्या पोराचं आठवतं. रोज. वकीलबाईला म्या सांगितलंय, मी केलंच नाय असलं काय लिवू नका."

वेळ संपली. परत येताना मी गाडीत मॅडमना म्हणालो, त्याला तर काहीच आठवत नाही, मग मी शपथेवर कसं सांगू? त्या म्हणाल्या, "तुम्हाला आठवतंय ना?" मला आठवत होतं. पण ज्याच्यावर आपण इतकी वर्षं जगलो ते त्याच्या डोक्यात उरलेलंच नाही, हे मला अजून झेपत नाही.

सही करण्याआधी मामांना सांगायचं ठरवलं. चोरून करण्याची माझी हिंमत नव्हती. पिशोरच्या बाजारात ते बैलाचे दोर घेत होते. मी मदतीला गेलो, तर म्हणाले, "जावईबापू, आज सुट्टी काय?" हॉटेलात बाकावर बसलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"काय लिवनार?"

"दवाखान्याचं. आणि गोधडीचं." गोधडीचं काय ते मी समजावून सांगितलं.

"वाकळीचं?" त्यांचा आवाज चढला, बाजूचे लोक वळून बघायला लागले. "तीन मुडदे पडले, अन् तू वाकळ पालथी घातल्याचं लिवनार? लेकरू किती वजनाचं व्हतं ठावं हाय? हलकं व्हतं. लई हलकं. मी उचललंय."

त्यांनी बाकावरचे दोर जवळ ओढले.

"खोटं हाय का ते?"

"नाही, मामा."

"मग लिव. खरं हाय तर लिव, मी कोन आडवनारा?" ते उठले, दोर खांद्यावर टाकले. "पर माझ्या उंबऱ्याला येऊ नको मंग."

मी सही केली.

त्यानंतर सणाला बायको मुलाला घेऊन एकटीच माहेरी जायची. पूर्वी ज्वारीचं पोतं मामा स्वतः घेऊन यायचे, दोन दिवस राहायचे, नातवाला क्रांती चौकात फिरवून आणायचे. आता पोतं ओळखीच्या टेम्पोतून यायचं. मी ते उतरवून घ्यायचो. तोंड त्यांच्याच गाठीनं बांधलेलं असायचं. ती गाठ मी कापायचो नाही, सोडवायचो.

हायकोर्टाचा निकाल आला. फाशी रद्द, मरेपर्यंत तुरुंगवास. मॅडमचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या गेटवर होतो. त्या म्हणाल्या, निकालात बऱ्याच गोष्टी आहेत, तुमचाही दोन ओळींत उल्लेख आहे. मी त्यांचे आभार मानले, खूप वेळा मानले. फोन ठेवल्यावर मात्र मला ते हलकं लेकरू आठवलं आणि डबा उघडावासा वाटेना. भाऊला आता काम मिळत असेल, एवढंच मनात आलं. झाडू तरी.

मामांना निकाल कळला असणार. पोतं टेम्पोतूनच येत राहिलं.

पुढच्या थंडीत त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन शहरातच होणार होतं आणि गावाकडं वेळच्या वेळी थेंब घालायला कुणी नव्हतं. बायकोनं मला विचारलंही नाही, जाऊन घेऊन आली. आमच्याकडं एकच खाट. मी रात्रपाळीला जायचो आणि ते तिच्यावर झोपायचे. सकाळी मी यायच्या आत ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. पाणी लेकीच्या हातून घ्यायचे, माझ्याशी बोलायचे नाहीत. मला तेही पुष्कळ वाटायचं, ते माझ्या घरात होते.

एक दिवस कंपनीची बस लवकर आली. मी दारातून पाहिलं तर ते नुकतेच उठत होते. डोळ्यावर हिरवी पट्टी. माझी चाहूल लागली की नाही कोण जाणे. खाटेच्या कडेला उभं राहून त्यांनी गोधडी चाचपली, झटकली, उलटी केली आणि कोपरे हातानं शोधून सारखे केले. थंडीचे दिवस, ओली बाजू नव्हतीच.

"आसंच करायचा का त्यो?" माझ्याकडं न वळता त्यांनी विचारलं.

"व्हय, मामा."

त्यांनी उशी चाचपून जागेवर ठेवली. "त्यो मराया पायजे व्हता. मला आजून तसंच वाटतं."

"व्हय."

"पड आता. रातभर हुबा आसशील."

ते भिंत धरत बाहेर गेले. मी पडलो. गोधडी त्यांच्या अंगानं अजून ऊबदार होती आणि मला झोप येत नव्हती. बाहेर ओट्यावर उन्हात ते माझ्या मुलाला सांगत होते, "ये, थेंब टाक माझ्या डोळ्यात. हळू. हात नको हलवू रं."

मुलगा म्हणाला, "आज्जा, तुम्हीच हलताय."

मग दोघंही गप्प झाले, थेंब पडेपर्यंत.