उजव्या हाताची चटणी

मंगळवारी दुपारी माझे पती कारखान्यातच वारले. दोन माणसं घरी सांगायला आली. मी तांदूळ निवडत होते.

ते पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. रविवारी खोक्यांच्या टाकाऊ पुठ्ठ्यावर तैलरंगात चित्रं काढायचे: वांगी, स्टोव्ह, लिंबाची फोड, कान तुटलेला कप. नव्या क्वार्टर्समध्ये लोक दूरदूरच्या गावांहून आले होते आणि भिंतींवर फक्त कॅलेंडरं होती. साध्या माणसाच्या घरीही हाताने काढलेलं एक चित्र असावं, एवढीच त्यांची इच्छा. किंमत छापील तसबिरीहून कमी ठेवली, तरी कुणी घेईना.

"देव नाही का एखादा?" बाजारात एकाने विचारलं. "वांगी तर बायको रोजच दाखवते."

शेवटी शेजारच्या सुनेने एक चित्र नेलं. वाढलेल्या ताटाचं. संध्याकाळी तिच्या सासूबाई ते पदराखाली झाकून परत घेऊन आल्या.

"अहो, चटणी उजव्या हाताला? हे श्राद्धाचं पान झालं! जित्याजागत्या घरात लावायचं हे?"

चित्रासाठी समोर ठेवलेलं ताट मी बरोबरच वाढलं होतं. चित्रात हिरवा रंग उजवीकडे शोभतो म्हणून यांनी चटणी तिकडे नेली होती. यांचा चेहरा उतरला. नेलेलं एकमेव चित्र परत आलं होतं. मला वाटलं, आता हे रंगांची पेटी माळ्यावर टाकतील.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आजी, बसा. तुम्ही सांगा, मी वाढतो."

आजी पाटावर बसल्या. यांनी सुरीने ओला रंग खरवडला.

"चटणी डावीकडे. हां. आता उजवीकडे भाजी."

"कसली?"

"बटाट्याची घाला. आणि हात आखडू नका हो, जेवणारा माणूस आहे!"

हे हसायला लागले. लग्नानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पिवळा रंग संपेपर्यंत आजींनी भाजी वाढून घेतली. मला विचाराल तर चित्र आधीचंच चांगलं होतं. यांनाही ते ठाऊक होतं.

आजींनी ते चुलीसमोरच्या भिंतीवर लावलं आणि येईल त्या बाईला दाखवलं. "मी सांगितलं तसं वाढलंय." मग बायका आमच्याकडे यायला लागल्या. कुणाला माहेरची परात हवी होती, कुणाला सुक्या बोंबलांची माळ. पुठ्ठा वाळायच्या आत चित्र जायचं. एखादं आपल्यासाठी ठेवा, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, "पुढच्या रविवारी."

ती चित्रं अजून क्वार्टर्समधल्या स्वयंपाकघरांत आहेत, धुराने काळवंडलेली. आमच्या घरी एकही नाही.