मोहाखालून जाणारी डोंगरवाट

आरमोरीच्या पुढच्या त्या डोंगराची वाट अजून खुली आहे. गावच्या ग्रामसभेच्या अध्यक्षांनी काल फोनवर तसं सांगितलं. पंधरवड्यापूर्वी ती आमच्यामुळेच बंद पडायची वेळ आली होती.

मार्चअखेर मी आणि माझा मित्र सुनील वडशाला रेल्वेने उतरलो. तिथून आरमोरीपर्यंत बस, पुढे भाड्याची जीप. शेवटचा कच्चा तुकडा सोडला तर रस्ता चांगला आहे. मुक्काम गावातच, रेखाबाईंकडे. पाहुण्यांना डोंगरावर नेण्याचं काम ग्रामसभेने त्यांना या हंगामापुरतं दिलंय. तक्रार आली तर वाट बंद आणि कामही बंद. जेवायला भात, लाखोळीचं वरण आणि अंबाडीची भाजी होती, पोटभर जेवलो.

"आठ वाजता निघू," रेखाबाई म्हणाल्या. ऊन टाळायला आम्ही साडेपाचचा हट्ट धरला. शेवटी त्या हो म्हणाल्या.

पायथ्याशी वाट मोहाच्या झाडांखालून जाते. खालची जमीन झाडून साफ केलेली होती. अंधुक उजेडात बुटाखाली काहीतरी मऊ चिरडलं आणि गोड वास आला.

"ओ भाऊ! पाय कुठी ठेवून राह्यले?" टोपली घेऊन एक म्हातारी समोर उभी. या मैनाबाई, ती झाडं त्यांच्या घरची. "आता बुटातूनच दारू गाळता का?"

सुनील हसला. मैनाबाई हसल्या नाहीत. "रेखा, फुलं सकाळीच पडतेत, आठपर्यंत वेचणं चालते, तुले मालूम नाई? आता ग्रामसभेतच बोलीन मी."

"माही चूक हाय, आत्या."

चूक त्यांची नव्हती. मी तसं सांगितलं, बूट काढले आणि फुलं वेचायला बसलो. सुनीलही बसला. दोन-अडीच तासांनी मैनाबाईंनी आम्हाला दिलेल्या टोपलीत डोकावलं. "फुलापेक्षा पालाच जास्त हाय तुमचा."

चढाला लागलो तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. शेवटचा टप्पा हातापायांनी चढायचा, उघड्या कातळावरून. माणशी तीन लिटर पाणी घ्याच. माथ्यावरून वैनगंगेची वाळू, कापणी झालेल्या धानाच्या बांध्या आणि पानं झडलेला साग एका नजरेत येतो. चढ वसूल होतो.

रेखाबाई मात्र खाली मोहाकडे पाहत होत्या. "मागच्या साली या दिवसात मी तेलंगणात मिरची तोडून राह्यली होती. हे काम टिकलं तर यंदा जा लागत नाई."

नागपूरला घरी येऊन पहिलं काम केलं ते ग्रामसभेला पत्र लिहिण्याचं: वेळेचा हट्ट आमचा होता, रेखाबाईंनी आठच सांगितले होते. माथ्यावरचा देखावा अजून डोळ्यांपुढे आहे, पण त्याआधी आठवते ती मैनाबाईंसमोर खाली गेलेली रेखाबाईंची मान.

रविवारी सभा आहे. रेखाबाईंचं काम राहील आणि मोहाच्या दिवसांत वाट नाल्याकडून वळवली जाईल, असा अध्यक्षांचा अंदाज आहे. चढ अर्ध्या तासाने वाढेल. वळण कुठून घ्यायचं ते मैनाबाई स्वतः चालून दाखवणार आहेत.