आईला ऐकू येईल असं पान

काचबिंदूनं आईची नजर हळूहळू गेली. आधी कडेकडेचं जग पुसट झालं, मग माणसांचे चेहरे विरघळले आणि शेवटी नुसता उजेड उरला. पांढुर्ण्याच्या आमच्या घरी ती खिडकीपाशी बसायची. ऊन गालावरून हातावर उतरलं की म्हणायची, "दुपार झाली वाट्टे." प्राथमिक शाळेत उभं आयुष्य शिकवलेली बाई ती. वाचन सुटलं याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं.

मी सौंसरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. तिथेच मला स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा पत्ता लागला. ते फुकट होतं आणि कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. जगभरातली माणसं आपापल्या फावल्या वेळात ते घडवत होती. घरच्या लॅपटॉपवर मी ते घातलं, त्यात मराठी आवाज बसवला. लॅपटॉप पहिल्यांदा बोलला तेव्हा आई दचकली. मग तिनं हात पुढे करून लॅपटॉपच्या कडेवरून बोटं फिरवली, झोपेतल्या लेकराच्या केसांतून फिरवावीत तशी.

अडचण पुढे आली. ते वापरायचं कसं, हे सांगणारी सगळी पानं इंग्रजीत होती. मी दिवसभर सौंसरला, आई पांढुर्ण्याला घरी. मग फोन सुरू झाले.

"इन्सर्ट दाबून ठेव आणि खालचा बाण दाब."

"दाबला. आता हे बया भराभरा सारंच वाचून राहिली, हिले थांबवू कशी?"

"कंट्रोल दाब."

फोनमधून मागचा आवाज बंद पडल्याचं ऐकू यायचं. मग आईचं हसू.

फोनवर जे सांगायचे तेच मी रोज थोडं थोडं मराठीत लिहून ठेवू लागले, म्हणजे लॅपटॉपच तिला वाचून दाखवेल. त्याच दिवसांत मराठी आकड्यांच्या उच्चाराबद्दल मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना एक प्रश्न विचारला आणि आईसाठी काय लिहून ठेवते तेही कळवलं. उत्तर दूरदेशच्या एका माणसाकडून आलं. तो स्वतः जन्मांध होता. उत्तराखाली त्यानं विचारलं होतं, 'आईसाठी जे लिहिता, ते आम्हालाही द्याल का?'

मी कळवलं, मला प्रोग्राम लिहिता येत नाही. त्यानं लिहिलं, 'प्रोग्राम लिहिणारे आमच्याकडे आहेत. समजावून सांगणारे कमी पडतात.'

मी हो म्हटलं. पण सगळी पानं मराठीत लिहायची म्हणजे काम मोठं होतं, एकटीच्यानं होणारं नव्हतं. रविवारी सौंसरच्या बुद्धविहारात वंदना झाल्यावर मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक काका म्हणाले, "पोरी, काम चांगलं हाय. पण आमाले कम्प्युटरमधलं काय समजते?" आणि सगळे चपला घालून निघाले.

पुढच्या रविवारी मी आईला सोबत नेलं. संत्र्यांना बहार आला होता. बसच्या खिडकीतून तो वास आत येत होता आणि आई डोळे मिटून बसली होती, जणू आपण गाडीत नसून एखाद्या बागेतूनच सरकतो आहोत. मध्येच म्हणाली, "आता डाव्या हाताले मोठी बाग हाय न?" होती. पांढरी, लांबच लांब.

वंदना झाल्यावर मी आईलाच पुढे बसवलं. आईच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला. ती एकेक बटण दाबत गेली आणि लॅपटॉपनं त्या दिवसाची बातमी वाचायला घेतली. मध्ये थांबवून आईनं जमलेल्यांना सांगितलं, "हे मी आता घरी एकटी करतो. पण पोरीनं फोनवर सांगितलं म्हणून जमलं. जिले अशी पोरगी नाही, तिनं काय करायचं?"

त्या दिवशी चौघं थांबली. त्यांत मोहगावची एक नर्स होती. अक्षर सुरेख, वाक्य सरळ. पुढच्या रविवारी तिनं आपलं पहिलं पान आणलं आणि ते आईला वाचून दाखवलं: 'वरच्या कोपऱ्यातल्या निळ्या बटणावर क्लिक करा.'

आई म्हणाली, "बाई, निळं मले कुठून दिसन?"

नर्सचा चेहरा उतरला. त्यानंतरच्या रविवारी ती आलीच नाही. आई बेचैन झाली. संध्याकाळी तिनं मला नर्सला फोन लावायला सांगितलं.

"काऊन नाही आली?"

"बाई, मले वाटलं मी तुमाले दुखवलं."

"दुखवलं कुठी? तुझं पान मी दोनदा ऐकलं. एवढं साफ कोणी लिहित नाही. फक्त रंगाच्या जागी बटणाचं नाव सांग. ऐकू आलं की मी एंटर दाबतो."

ती परत आली. या वेळी लिहायच्या आधी तिनं डोळ्यांवर ओढणी बांधली आणि कीबोर्ड चाचपत बसली. बराच वेळ तिची बोटं पाण्यात काही शोधावं तशी फिरत होती. मग म्हणाली, "सापडलं!" तिच्या नव्या पानाची सुरुवात अशी होती: 'एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात. आधी ते बोटांनी शोधा. तिथून पुढे तुम्ही हरवणार नाही.'

उन्हाळा लागेपर्यंत आमची पानं त्या सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर प्रसिद्ध झाली. नर्सचं ते वाक्य दूरदेशच्या त्या माणसाला मी इंग्रजी करून पाठवलं होतं. त्यानं कळवलं, 'हे आमच्या इंग्रजी पानातही घेतो आहोत.' नर्सला सांगितलं तर ती म्हणाली, "माझं वाक्य? तिकडे?" आणि कितीतरी वेळ विहाराच्या पायरीवर एकटीच हसत बसली.

पावसाळा सरता सरता आमची पानं ऐकलेल्या कोकणातल्या एका बाईचा प्रश्न आला. नजर नुकतीच गेली होती. मराठीत जोडाक्षरं कशी टाइप करायची, असं तिनं विचारलं होतं. मी आईला प्रश्न वाचून दाखवला आणि उत्तर रविवारी लिहू म्हणून कामावर गेले. परतले तेव्हा आई खिडकीपाशी टाइप करत होती. लॅपटॉप एकेक अक्षर म्हणत होता आणि ती त्याच्या मागोमाग ओठ हलवत होती. उत्तर चांगलं पानभर झालं होतं. पहिल्याच ओळीत तिनं त्या बाईला लिहिलं होतं, 'घाबरू नका, मलाही सुरुवातीला जमत नव्हतं.'

मी ते जसंच्या तसं त्या बाईला पाठवलं आणि दूरदेशच्या त्या माणसालाही कळवलं. त्याचं उत्तर आलं, ते मी मराठीत करून ठेवलं: 'नव्या स्वयंसेविकेचं स्वागत.'

आईनं ते लॅपटॉपकडून दोनदा वाचून घेतलं.

"स्वयंसेविका म्हणजे मी?"

"तूच."

"मंग चहा ठेव," ती म्हणाली, "मले अजून र्‍ह अन् ज्ञ सांगायचे राहिले हायेत."