रफूवाल्याचे डोळे

कोट हातात आला की रफूवाला आधी चष्मा काढून ठेवी. मायनस अठराचा चष्मा, बाटलीच्या बुडासारखा. मग कापड पार नाकाजवळ नेऊन तो भोक भरत बसे. चार बोटांवरचा धागा त्याला दोरखंडासारखा दिसे. काम झालं की गिऱ्हाइकापुढे कोट पसरून म्हणे, “आता भोक शोधा.” तीस वर्षांत कुणाला सापडलं नव्हतं.

बायकोला त्या चष्म्याची लाज वाटे. चारचौघांत ती त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसे. मेहुणी त्याला ‘दुर्बीण’ म्हणे, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसे ती बायकोच. शेवटी तीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी सावकाश समजावलं. बुबुळावरचा पडदा पातळ, म्हणून लेझर नाही. डोळ्यातल्या भिंगापुढे दुसरं बसवावं, तर आत तेवढी जागा नाही. राहिलं एकच, मूळचं भिंग काढून नवं घालायचं. लांबचं लख्ख दिसेल, जवळच्याला साधा चष्मा लागेल. नाहीतर आहे तोच चष्मा चालू ठेवायचा.

“जवळचं बारीक काम करता का?”

“कसलं काम,” बायको म्हणाली, “दुकानात बसून असतात.”

त्यानंही मान डोलावली. आपलं कसब बोटांत आहे, असंच तो जन्मभर समजत आला होता.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा बायको खोलीच्या त्या टोकाला उभी होती. जुन्या चष्म्यातून माणसं बाहुलीएवढी दिसत, चेहरे कळत नसत. आता कळला. तिच्या तोंडावरचा कंटाळा इतका मुरलेला होता, की तो लपवायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.

“दिसतंय ना?”

“दिसतंय,” तो म्हणाला.

दुकानात कापड नाकाजवळ नेलं, तर नुसतं धुकं. नवा चष्मा लावून हातभर लांब धरलं, तर विणीतले धागे एकमेकांत मिसळले. तो पुन्हा बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, “अहो, तो नंबरच तुमचं जवळचं मोठं दाखवणारं भिंग होता. तेव्हाच बोलायचं ना.”

पहिला कोट त्यानं अंदाजानं भरला. गिऱ्हाईक जुनं होतं. कोट पसरलेला पाहून ते हसून म्हणालं, “शोधू का?” आणि दारातूनच, जरासुद्धा न वाकता, त्यानं बोट दाखवलं.

तेवढ्या लांबून त्या बोटाच्या नखातला मळसुद्धा रफूवाल्याला स्वच्छ दिसला.