पाय पुढे करून

माझ्या भाचीला अँब्युलन्समधलं काम शिकायचं होतं. चालवायचं नव्हे, मागं बसून, रस्त्यात उचललेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत जिवंत नेण्याचं. या पॅरामेडिकच्या कोर्सला प्रवेशासाठी काय काय लागतं ते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलं होतं. आधीची पानं संस्थेच्या अध्यक्षांच्या फोटोंत खर्ची पडली होती. बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र. वयाची सतरा वर्षं पूर्ण. डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. आणि सगळ्यात खाली एक ओळ: उमेदवाराने जोडीदाराच्या मदतीने स्ट्रेचरवरील व्यक्तीस जिन्यावरून सुखरूप खाली आणून दाखवावे.

बारावी तिनं केली होती. वय बसत होतं. दाखलाही मिळाला, डॉक्टरांनी तिच्याकडे मान वर करून न बघता तिची दृष्टी उत्तम असल्याचं लिहून दिलं. माहिती देण्यासाठी संस्थेनं पालकांना बोलावलं होतं, तिथं तिला घेऊन मी गेलो. अध्यक्षांचा सत्कार झाला, मग अध्यक्षांनी पाहुण्यांचा केला. अपघातानंतरचा पहिला तास किती मोलाचा असतो, यावर ते सव्वा तास बोलले. जागा थोड्या होत्या आणि मुलं सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांपर्यंत बसली होती. भाची माहितीपत्रकातल्या त्या शेवटच्या ओळीबद्दल विचार करत होती. अंगानं ती काडी आहे.

निवृत्त झाल्यापासून मी जालन्यात बहिणीकडे राहतो. राजूरच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझी नोकरी संपली. बहीण एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात जाते. पट्ट्यावरून सरकणाऱ्या दाण्यांतले फुटके, किडके वेचून काढायचे, हे तिचं काम. मेहुणे ट्रकवर असतात, सळया घेऊन दक्षिणेकडे जातात आणि आले की दोन दिवस झोपतात. घर पोलादाच्या गिरण्यांच्या मागच्या वस्तीत. गच्चीवर सकाळी झाडलेली काजळी दुपारी परत असते. संध्याकाळी त्या बाजूचं आभाळ तांबडं होतं आणि तसंच राहतं. नवीन पाहुणा पहिल्या दिवशी हमखास विचारतो, कुठं आग लागलीय का. आम्ही नाही म्हणतो. तसं बघितलं तर लागलेलीच असते.

सरावासाठी स्ट्रेचर मिळालं ते शेजारच्या भाभींमुळे. त्यांच्या यजमानांचा भंगाराचा धंदा आहे. कुठल्या कुठल्या गावांचं मोडकं लोखंड जालन्यात येतं आणि वितळून सळई होऊन जातं, त्यात कुठल्याशा दवाखान्याचं एक जुनं स्ट्रेचर आलं होतं. दोन नळ्या, मध्ये ताणलेलं हिरवं रेक्झिन. भट्टीत जायच्या आधी परत करायच्या बोलीवर भाभींनी ते आणून दिलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, इसपे कित्ते लोगां गये होंगे, अल्ला जाने. सब के सब उतरे थोडेच होंगे."

रेक्झिनच्या एका कोपऱ्यात काळपट डाग होता. बहिणीनं सोडा लावून तो दोनदा घासला, निघाला नाही. गंज असेल, असं ती म्हणाली. रेक्झिनला गंज चढत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

आता त्याच्यावर झोपणार कोण, हा प्रश्न आला. भाचीनं वस्तीतल्या पोरांना विचारलं, तर त्यांच्या आयांनी पोरं घरात घेतली. तिच्या मैत्रिणींना परीक्षा आठवल्या. शेवटी मी झोपतो म्हणालो. इतिहासाच्या मास्तरला मेलेल्या माणसांची सवय असते, एवढंच माझं भांडवल.

माझी खोली गच्चीवर. तिथून अंगणात उतरणारा जिना अरुंद, मध्ये एक वळण, आणि कठडा बांधायचा राहून गेलेला. बहीण कामावरून आली की मायलेकींनी मला त्यावरून उतरवायचं, असं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी स्ट्रेचर उचललं आणि बहिणीनं परत खाली ठेवलं.

"असं न्हाई जमायचं. पाय पुढं करून माणूस घरातून एकदाच निघतो."

"मम्मी, डोकं पुढं केलं तर उतरताना सगळं रक्त डोक्यात येईन," भाची म्हणाली. "पुस्तकात पाय पुढंच दिलंय."

"पुस्तक लिहिणाराच्या घरातून कोणी गेलेलं दिसत न्हाई."

बहिणीच्या बैठकीत धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आहेत. त्यांच्याच खाली उभी राहून ती आजारी पोरावरून मीठ-मोहरी उतरवते. हे मी तिला एकदा दाखवून दिलं होतं, तेव्हा चौकटीकडे पाठ करून उतरवते म्हणाली. त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. तडजोड निघाली ती अशी: पाय पुढे चालतील, पण खाली पोचेपर्यंत मी तोंड बंद करायचं नाही. बोलणारा माणूस बघून कोणी गैरसमज करून घेणार नाही. कोणी म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही.

मग रोज संध्याकाळी मी तांबड्या आभाळाखाली आडवा होऊन व्याख्यान देत जिना उतरू लागलो. निजामाची रेल्वे, शहागंजचे व्यापारी, संस्थानाचा शेवट. भाची पायांकडे, माझ्याकडे तोंड करून उलटी पायऱ्या उतरायची, बहीण डोक्याकडे. खालून बघितलेला माणूस वेगळाच दिसतो. बहिणीची हनुवटी वर, कपाळ खाली, आणि त्या उलट्या चेहऱ्यावर राग आहे की हसू, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. आवाजावरून ओळखावं लागे.

"तुझ्या वर्गात पोरं का झोपत होते ते आता समजून राह्यलं," ती वरून म्हणायची.

वस्तीत बातमी पसरली ती मी सांगितलेल्या इतिहासाइतकीच विश्वसनीय होती. मास्तर अंथरुणाला खिळले, त्यांना उचलून खाली आणावं लागतं, तापात बडबडतात. एक ओळखीचे गृहस्थ केळी घेऊन भेटायला आले आणि मी दार उघडल्यावर नाराज झाले. बरेच दिवस माझ्या मागं असलेला विम्याचा एजंट अंगणात आला, भिंतीला टेकवलेलं स्ट्रेचर बघून आल्या पावली गेला. खुद्द बहिणीनं माझ्या ताटात भात वाढवला आणि मी खोकलो की हातातलं काम थांबवायला लागली. जी काही अशुभ गोष्ट होणार होती ती आडव्या माणसाची होणार, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. मलाही रात्री छातीवर हात ठेवून बघायची खोड लागली.

त्याच दिवसांत जिन्यात बहिणीच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची. तिनं चप्पल बदलली. कारखान्यात तिच्या पट्ट्यावरून किडके दाणे पुढं गेले म्हणून सुपरवायझर बोलला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं चष्म्याला दोष दिला. चहाची कपबशी फुटली, तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

परीक्षा आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी आम्ही जिन्याच्या वळणावर होतो, आणि रेल्वे आधी जालन्यात आली म्हणून काय काय आलं ते मी सांगत होतो. वरून बहीण काहीतरी बोलली. सुपारी तोंडात धरून बोलावं तसे शब्द आले. मला वाटलं, नक्कल करतेय माझी. तेवढ्यात डोक्याकडची डावी नळी खाली गेली आणि माझा कान भिंतीवर आपटला.

भाची ओरडली नाही. आपल्या बाजूच्या नळ्या पायरीवर टेकवून तिनं गुडघ्यानं स्ट्रेचर भिंतीशी दाबलं, मग माझ्या बरगडीशेजारी पाय रोवून मला ओलांडून वर गेली. अंगणातून भाभी धावत आल्या, माझ्या तोंडावर वाकल्या. मास्तर गये क्या, असं त्या विचारत होत्या, आणि मी नाही म्हणत होतो ते त्यांना पटत नव्हतं.

वर भाची आईला म्हणत होती, "मम्मी, हास."

"कशाला?"

"हास म्हणते ना."

ती हसली असावी. मी मान वळवून बघेपर्यंत भाचीनं तिला दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितलं होतं. उजवा हात होता तिथं राहिला. डावा हळूहळू खाली आला, तिला न विचारता.

थोड्या वेळानं सगळं जागच्या जागी होतं. बोलणं साफ, हातात जोर. हाताला घाम होता म्हणून नळी सुटली, असं सांगून बहीण भात टाकायला निघाली. भाचीनं तिला स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर तरुण डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, आपली आपण सुटली. ही आगाऊ सूचना समजा. पुढची गुठळी येईलच असं नाही. आली तर सांगून येणार नाही. गोळ्या चुकवू नका, जड उचलू नका, आणि असं काही दिसलं तर एक मिनिटसुद्धा घालवू नका.

घरी आल्यावर भाचीनं जाहीर केलं की ती परीक्षेला बसणार नाही. प्रवेश मिळाला तर शिकायला वर्षभर नागपूरला, संस्थेच्या वसतिगृहात राहावं लागणार होतं. बहीण गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होती.

"माझ्या तोंडाकडं बघत बसायला तुला सायन्सला कशाला घातलं मी? ते बिनाशाळेचं बी जमतं."

"मंग बघणार कोण?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. या वेळी खोकल्याचा संबंध नव्हता.

भाची बसली परीक्षेला. जोडीला भोकरदनकडचा एक आडदांड मुलगा मिळाला. संस्थेतही स्ट्रेचरवर झोपायला कोणी तयार झालं नव्हतं. शिपायानं नकार दिला, क्लार्कच्या पाठीत उसण भरली, म्हणून शेवटी वाळूची पोती ठेवली. भाची त्या पोत्यांना जिनाभर बजावत होती, बोलत राहा, मी आहे, झालंच आता. परीक्षकांनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. निवड झालेल्यांच्या सत्काराला अध्यक्ष येणार होते, ते आले नाहीत, म्हणून सत्कार लवकर आटोपला.

जाण्याआधीच्या दिवसांत भाचीनं मला शिकवायला घेतलं. रोज सकाळी आईला हसायला लावायचं आणि तोंडाच्या दोन्ही कडा बघायच्या. हात समोर धरायला सांगून वाट बघायची. एक पूर्ण वाक्य बोलून घ्यायचं. शंका आली की विचार करत बसायचं नाही, फोन लावायचा. ती माझ्याकडून हे पुन्हापुन्हा म्हणवून घ्यायची, आणि मी चुकलो की माझ्याच जुन्या आवाजात रागवायची.

"मामा, तुमच्याकडं बारावी सायन्स न्हाई. वय बसत न्हाई. चष्मा तर बघा किती जाड."

"मग मला कसं घेतलं?"

"दुसरं कोण हाय?" ती म्हणाली. हसली नाही.

बहिणीला हे सकाळचं प्रकरण आवडत नव्हतं. उजव्या हातात पातेलं धरून ती डावा हात कंटाळल्यासारखा वर करायची आणि मी नीट बघायच्या आत खाली घ्यायची. हा काय शाळेचा हजेरीपट आहे का, असं विचारायची. हात तिनं खाली घेतला की आपोआप आला, हे मला विचारावं लागे. ती रोज एकच उत्तर द्यायची, मीच घेतला.

भाची गेली त्या दिवशी बसस्टँडवर गर्दी होती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बहीण खाली, खिडकीला लागून उभी. मी तिच्या उजव्या बाजूला, हातात रिकामी पिशवी. डबा, गोळ्यांच्या वेळा, वडलांना फोन, सगळं बोलून झालं होतं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तशी भाची खिडकीत वाकून म्हणाली, "मम्मी, दोन्ही हात वर कर."

शेजारच्या बायका कौतुकानं बघायला लागल्या. लेक निरोप घेतेय, असं त्यांना वाटलं. बहिणीनं उजवा हात वर केला. डाव्या हातानं तिनं खिडकीची दांडी धरली होती.

"तो बी कर."

"गाडी निघू दे. मंग करते."

"मम्मी, दांडी सोड."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. बहीण दांडी धरूनच दोन पावलं चालली, उजवा हात वर तसाच, तोंडभर हसू, आणि त्या हसण्याच्या दोन्ही कडा मला एकाच वेळी दिसत नव्हत्या. भाची आईच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर त्या दांडीवरच्या बोटांवर होती.

"मामा, बघा," ती ओरडली. "मामा, हात बघा."

मी बघत होतो. बोटं दांडीवरून निघाली. तिनं दांडी सोडली की हातातून आपोआप सुटली, एवढंच मला सांगायचं होतं. भाची खिडकीतून मान बाहेर काढून माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि गाडी वळून गेटाबाहेर गेली.