ओच्यातली अंडी

कुकरची दुसरी शिट्टी आणि मागच्या दारावरची टकटक एकदमच झाली. फेल्डहोवन या डच गावात पुढची बेल वाजवतो तो पार्सलवाला. ओळखीचं माणूस मागून, स्वयंपाकघराच्या दारानं येतं. सुनेत्राने गॅस बारीक करून दार उघडलं. शेजारची दिम्फी होती. ऐंशी उलटलेली, काखेत एक चौकट.

"नवरा गेला का यंत्रं करायला?"

"गेला. डबा विसरून."

"बरं झालं. बायकांचं बोलणं आहे."

तिने चौकट ओट्यावर ठेवली. चित्र कसलं, बोटभर रुंदीची पट्टी. पाचशे वर्षांपूर्वी कुणी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. सोनारांनी प्याल्याच्या काठावर, सुरीच्या म्यानावर उतरवून घ्यावी म्हणून. सुनेत्रा वाकली ती वाकलेलीच राहिली. एवढ्याशा जागेत शेतकऱ्यांची अख्खी वरात नाचत होती. फाटक्या बुटातून डोकावणारा अंगठा होता, एकाच्या गालावरची चामखीळसुद्धा सुटली नव्हती. तांदळावर नाव कोरणारे तिने पाहिले होते. इथे कुणी तांदळावर गाव वसवलं होतं.

दिम्फी शेतावरच वाढलेली. लग्न केलं नाही. गायी दोहल्या, बटाटे काढले, भावाचा संसार सांभाळला. सुनेत्राचं घर उभं आहे तिथे पूर्वी त्यांचं बिटाचं शेत होतं. हे चित्र जेवणाच्या टेबलापाशी टांगलेलं असे, आणि ही आपलीच माणसं म्हणून ती ते बघत आली. पण युट्रेख्टला शिकलेल्या भाच्याने परवा अर्थ फोडून सांगितला. ही म्हणे शहरातल्या लोकांनी केलेली टिंगल. चित्रातलं बदक म्हणजे मूर्ख, सुरई म्हणजे दारुडा. आता ती टिलबर्गच्या वृद्धाश्रमात राहायला निघाली होती, आणि चित्र न्यावं की टाकावं, ते ठरेना.

"तुला काय दिसतं? तू आमचं काही शिकलेली नाहीस, म्हणून विचारते."

सुनेत्राचं बोट शेवटच्या बाईवर थांबलं. तिने एप्रनचा ओचा धरला होता आणि त्यात अंडी होती.

"हिची ओटी भरलीय," ती मराठीतच बोलून गेली.

"ओटी?"

"आमच्याकडे निघालेल्या बाईला रिकामं पाठवत नाहीत. पदरात तांदूळ, नारळ घालतात. तुमच्याकडे अंडी घालत असतील."

दिम्फी खुर्ची धरून हसत सुटली. "अगं, भाचा म्हणतो, अंडी म्हणजे चवचाल बाई."

सुनेत्राचे कान तापले. तरी नजर त्या पट्टीवरून हलेना. "त्याचं खरंही असेल," ती हळू म्हणाली. "पण हिचे डोळे बघा. नाचतानाही खाली बघतेय, एक अंडं फुटू नये म्हणून. नुसती टिंगलच करायची, तर इतकं कोरायला कोण बसेल?"

दिम्फीने चष्मा लावला. बोटाने चौकटीची काच पुसून ती चित्रावर वाकली.

"नेते मी," शेवटी ती म्हणाली. "फक्त मागच्या पुठ्ठ्यावर तुझा तो शब्द लिहून दे. तुमच्या अक्षरांत. भाच्याला वाचता येऊ नये."