फाटकावरची दाढी

आमचा मामा रेल्वे फाटकाशी दाढ्या करायचा. दुकान वगैरे काही नाही. रस्त्याच्या कडेला खुर्ची, खांबाला आरसा, बादलीत पाणी. बंदराची मालगाडी आली की फाटक पडायचं, आणि ती गाडी इतकी लांबलचक की कंटेनरवाल्या ट्रकांची रांग पार बाजारापर्यंत जायची. ड्रायव्हर कंटाळून खाली उतरले की मामाच्या खुर्चीत. मधेच फाटक उघडलं की मागचे भोंगे सुरू, आणि गिऱ्हाईक एका गालाला फेस तसाच घेऊन स्टिअरिंगवर! उरलेला गाल परतीच्या वेळी. एवढ्यावर मामाचं घर चाललं होतं.

मामाला एक खोड. खुर्चीत बसलेला माणूस म्हणेल ते खरं. हातात वस्तरा असताना वाद घालू नये, असं त्याचं म्हणणं. ठीक आहे, पण एकदा खुर्चीत पुलाचा इंजिनिअर येऊन बसला.

"मामा, हे फाटक म्हणजे डोकेदुखी आहे."

"डोकेदुखी? रोग आहे साहेब, रोग! उपटून टाका."

"इथं उड्डाणपूल झाला तर ट्रक थेट बंदरात."

"थेट! मी तर कधीपासून म्हणतोय."

म्हणतोय कसला, डोंबल! साहेब खूश. लोकांच्या सभेत त्याने मामालाच उभं केलं, आणि या शहाण्याने तिथेही तेच ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मामीने कपाळावर हात मारला.

"अहो, फाटक गेलं तर ट्रक थांबतील कशाला?"

तेव्हा कुठे मामाचा चेहरा उतरला.

पूल झाला. फाटकाचा दांडा काढून नेला, रुळांशी भिंत घातली. ट्रक डोक्यावरून धडधडत जायचे आणि खाली खुर्चीत मामा स्वतःच बसलेला. मला त्याचा रागही यायचा आणि पोटात तुटायचंही.

शेवटी मीच त्याला खुर्चीसकट स्कूटरवर घालून बंदराच्या दाराशी नेलं. तिथे बघतो तर काय, पुलावरून सुसाट आलेले सगळे ट्रक दारात तुंबलेले! आत एकेकाची तपासणी, त्यामुळे रांग हलेचना. मामाचे डोळे चमकले. ओळखीचा एक ड्रायव्हर बसला, दाढी झाली, तरी उठेना.

"नंबर संध्याकाळशिवाय लागत नाही, मामा. आता केसही काप."

मामाने कात्री उघडली आणि तसाच उभा राहिला. फाटकाच्या घाईत जन्मभर नुसत्या दाढ्याच केलेल्या. केस शेवटचे कधी कापले ते त्यालाही आठवेना. "कात्रीला धार नाही," असं खोटंच सांगून त्याने ड्रायव्हरला उठवलं. परत येताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणाला, "हात चालत नाही रे."

मग माझं डोकं कामी आलं. मामी माझ्या गळ्याला टॉवेल बांधते आणि हात बसावा म्हणून मामा रोज थोडे थोडे केस कापतो. ऑफिसात मी टोपी घालून बसतो. साहेबांना सांगितलंय, सर्दी आहे. तक्रार केली तर मामी म्हणते, "कान आहेत ना जागेवर? मग गप्प बस."

काल मामाने आरसा हातात दिला. एका कानावर रान माजलेलं, दुसऱ्यावर टक्कल.

"माकड केलंस माझं!" मी बोंबललो.

पूल झाल्यापासून मामा पहिल्यांदाच खो खो हसला. आज सकाळी मी उठायच्या आत खुर्ची डोक्यावर घेऊन तो बंदरावर गेलासुद्धा. देव त्या ड्रायव्हरांचं भलं करो.